चौकटीबाहेर सांडलेलं नाव

लग्नाची पत्रिका कोणी वाचत नाही. माझा जन्म पत्रिका जुळवण्यात गेला, म्हणून हे मी छातीठोकपणे सांगते. पाहुण्याच्या हातात पत्रिका पडली की तो आधी स्वतःचं नाव शोधतो. ते सापडलं की ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं नाव आपल्या वर आहे की खाली, ते बघतो. मग तारीख, मग जेवणाची वेळ, की पत्रिका गेली खिडकीच्या गजात. नवरा कोण आणि नवरी कोण ते मांडवात गेल्यावर कळतंच.

मी मूळची धुळ्याची. लग्न होऊन जळगावला आले ती थेट छापखान्यात. घर मागे, छापखाना पुढे, आणि मधल्या दारात शाईचा वास. पायाने चालवायचं मशीन, शिशाचे खिळे, एकेक अक्षर वेचून ओळ लावायची. असा सगळा जुना कारभार. नव्वदच्या आसपास आमच्या ह्यांनी कर्ज काढून संगणक आणला. ह्यांना मशीन आणायची दांडगी हौस. ते शिकायची मात्र नाही. महिनाभर तो संगणक टॉवेलखाली झाकून ठेवला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टॉवेल वर करून दाखवला जायचा. शेवटी मीच पदर खोचला.

पुण्याच्या एका लहानशा कंपनीने मराठी जुळणीचा प्रोग्रॅम केला होता. फ्लॉप्यांवर यायचा. जे या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढची सगळी भानगड यातूनच झाली. पडद्यावर कोरं पान दिसायचं. त्यावर आपण चौकटी आखायच्या: एकीत गणपती, एकीत वधूवरांची नावं, एकीत मुहूर्त, एकीत 'विनीत' म्हणजे बोलावणारा यजमान. प्रत्येक चौकटीत आपापला मजकूर टाइप करायचा. पडद्यावर चौकट कितीही मोठी करता यायची. पण मशीनच्या पोटात त्या मजकुरासाठी जागा मोजूनमापूनच ठेवलेली असायची, एकीला लागून दुसरी. शेतात वाफे असतात ना शेजारी शेजारी, तसंच. एका वाफ्यात बसेल तेवढंच पाणी सोडायचं. जास्त सोडलं तर? शहाणा प्रोग्रॅम असेल तर सांगेल, 'बाई, थांबा, भरलं.' आमचा प्रोग्रॅम तोंडातून शब्द काढायचा नाही. तो पाणी घेतच राहायचा आणि जास्तीचं गुपचूप शेजारच्या वाफ्यात उतरायचं. तिथे आधी जे पेरलेलं असेल ते वाहून गेलं, आणि त्या जागी हे आलं.

बहुतेक वेळा मशीन बंदच पडायचं. ते परवडलं. घाबरायचं ते बंद न पडता चालू राहिलं तर.

आता यात दोष कुणाचा म्हणायचा? ज्या पोराने तो प्रोग्रॅम लिहिला त्याने आपल्या आजूबाजूच्या पत्रिका बघूनच वाफ्याचं माप धरलं असणार. पुण्याची पत्रिका म्हणजे सात-आठ ओळी, त्यातली एक 'कृपया आहेर आणू नये.' आमच्या खानदेशात पत्रिका म्हणजे गावाची खानेसुमारी. विनीत, प्रेषक, निमंत्रक, व्यवस्थापक, संयोजक, स्वागतोत्सुक आणि तळाला 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. एखाद्या बाळाचं बारसं व्हायचं असलं तरी ते 'छोटू' म्हणून पत्रिकेत हजर. एका गिऱ्हाइकाला नवऱ्यामुलापेक्षा कैलासवासी आजोबांचा फोटो मोठा हवा होता. मी म्हटलं, लोक तेराव्याला आल्यासारखे येतील हो. तो म्हणाला, येऊ द्या, आजोबा बघताहेत.

हे सांडणं मी पहिल्यांदा पाहिलं ते नगरपालिकेच्या निवडणुकीत. एका उमेदवाराचं पत्रक होतं. धडाडीचे, तडफदार, मनमिळाऊ, अभ्यासू, निःस्वार्थी, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे, अशी विशेषणांची मालगाडी त्याने एका दमात लिहून आणलेली आणि मी ती एका दमात टाइप केलेली. पत्रक छापून झालं. बघते तर मालगाडीचे शेवटचे डबे घसरून तळाच्या चौकटीत गेलेले. तिथे आमच्या छापखान्याचं नाव असायचं. त्या जागी ठळक अक्षरांत आलं होतं, 'मुद्रक: गोरगरिबांचे कैवारी.' आमच्या ह्यांना ते इतकं आवडलं की ते पत्रक त्यांनी काचेखाली ठेवलं. उमेदवार पडला, पण तो आमच्यामुळे नव्हे.

मी पुण्याला फोन लावला. ज्याने प्रोग्रॅम लिहिला तो इंजिनिअरच फोनवर आला. भला माणूस, पण पुण्याचा.

"तुम्ही एवढं सलग लिहिता कशाला? मध्ये एंटर मारा. नवा परिच्छेद केला की नवी जागा मिळते."

"अहो पण मशीनने सांगायला नको का, जागा भरली म्हणून?"

"एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं आम्हाला."

"तुम्ही कधी लग्नाला आलाय का इकडे?"

तो हसला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "हे वाटतं तेवढं साधं नाही बरं का. तुमच्याकडे नावं सांडतात. पण एखाद्या डोकेबाज माणसाने मुद्दाम मापून असा मजकूर लिहिला, की सांडलेला भाग मशीनला हुकूम वाटेल, तर मशीन तो हुकूम पाळेल. मग त्याने म्हटलं सगळं पुसून टाक, तर पुसून टाकेल." मी म्हटलं, जळगावात कोण बसलंय एवढा उद्योग करायला? आता अशाच भोकांतून लोकांच्या बँका धुऊन नेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा त्याचा तो हळू केलेला आवाज आठवतो. चूक त्याला दिसली होती. बुजवायला त्याने वर्ष लावलं. तोवर मी माझ्यापुरता नेम केला, चार-पाच ओळी झाल्या की एंटर. नेम छान चालला होता, उखा नाना येईपर्यंत.

उखा भिका पाटील, पारोळ्याच्या पलीकडल्या गावचे. कपाशीचे शेतकरी, खाऊनपिऊन सुखी. पांढरी टोपी, पायात वहाणा, चालणं असं की जमीन दुखेल की काय. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले आणि म्हणाले, "ताई, मनी आंडेरनं लगीन शे."

आंडेर म्हणजे लेक, मनी म्हणजे माझी. मी धुळ्याची, मला त्यांची बोली कळते हे लक्षात आल्यावर नाना खुर्चीत जरा मागे सरकले.

"नावं किती घालायची, नाना?"

"बठ्ठा."

"बठ्ठा म्हणजे?"

"बठ्ठा म्हंजे बठ्ठा. सगळी भाऊबंदकी. पन कोनी पहिला नको, कोनी शेवटला नको."

मी हसले. म्हटलं, "नाना, रांग लावली की कोणीतरी पुढे येणार, कोणीतरी मागे राहणार."

नानांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्यापुढे धरली आणि तिच्या काठावरून बोट फिरवलं. "हाऊ काठ कोठे सुरू व्हस, सांग बरं."

त्यांना हवं होतं ते मला कळलं. पत्रिकेच्या चारी कडांनी नावं गोल फिरवायची, तोरण बांधतात तशी. ज्याला आपलं नाव वाचायचं असेल त्याने पत्रिका फिरवावी. धंद्यात मी पुष्कळ डोकी पाहिली, पण भाऊबंदकीवर असा तोडगा कोणी काढलेला पाहिला नव्हता.

तोडगा काढायची वेळ का आली, ते त्यांनी दुसऱ्या चहाला सांगितलं. नानांचे थोरले भाऊ दगा आबा. दोघे एका ताटात जेवून वाढलेले. आबांच्या मुलाचं लग्न निघालं, पत्रिका कुठल्याशा छापखान्यात दिली. जुळणाऱ्याला एका ओळीत नावं बसेनात, म्हणून त्याने एक नाव उचलून पार तळाला, लांबच्या चुलत्यांच्याही खाली टाकलं. ते नाव नेमकं नानांचं. सख्खा भाऊ, आणि पत्रिकेत सर्वांत शेवटी! नाना लग्नाला गेले नाहीत. आबा म्हणाले, छापखान्याची चूक माझ्या माथी मारून सख्खा काका मांडवात येत नाही म्हणजे काय? पुढे आबा सासुरवाडीच्या शेतावर एरंडोलकडे राहायला गेले. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मधे एक मयत झाली, तिथेही दोघे दोन बाजूंना बसले.

आम्ही छापखानेवाले असे. एक ओळ बसवायला जातो आणि दोन घरं उठवतो.

"आते मनी पोरनं लगीन शे," नाना म्हणाले. "भाऊ उना नही, तर मांडव कितीबी भरू दे, माले तो मोकळाच शे." एवढं बोलून ते बशीतला चहा बघत बसले. मी उगाच कळफलक पुसायला घेतला.

मग नावं सांगायला बसले. चुलते, चुलतभाऊ, त्यांची मुलं, नातवंडं. बोलता बोलता मीच विचारलं, "विनीत कोणाचं नाव घालू?"

आता इथे एक रीत आहे. घरातला थोरला हयात असताना धाकट्याने विनीत व्हायचं नसतं. पोर कुणाचीही असो, बोलावणं थोरल्याच्या नावाने जातं. नानांना हे ठाऊक होतं. पण भावाला न विचारता त्याचं नाव घालावं, तर तो म्हणेल मला न विचारता माझं नाव वापरलं. विचारायला जावं, तर पाय उचलत नाही. नानांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मनंच घाल. दुसरं कोन?"

सगळी नावं झाली, नाना उठले, टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि तिथून मागे वळून म्हणाले, "आनि... मना भाऊ. दगा भिका पाटील." जीभ त्या नावापाशी इतकी वर्षं गेली नव्हती, ती जायला दार उघडावं लागलं. मी ते नाव सर्वांत शेवटी टाइप केलं. कागदावर काहीच फरक पडत नव्हता. गोलाला शेवट नसतो, आणि योग असा की त्यामुळे आबांचं नाव पत्रिकेच्या अगदी माथ्यावर, गणपतीच्या डोक्यावर आलं. मात्र मशीनच्या पोटात गोल नसतो. तिथे एक सुरुवात असते आणि एक शेवट असतो, आणि शेवटी होते दगा आबा.

हे तोरण तुटू द्यायचं नाही म्हणजे मध्ये एंटर मारता येणार नव्हता. मी अंदाज घेतला, वाफा काठोकाठ भरत होता, पण सांडत नव्हता. कच्ची प्रत नीट आली. नानांनी ती चारी बाजूंनी फिरवून वाचली, भावाच्या नावावर बोट ठेवलं आणि मान डोलावली. मी निश्चिंत मनाने माझ्या भावाच्या मुलाच्या बारशाला धुळ्याला गेले.

इकडे नानांच्या एका चुलत पुतण्याला जुळं झालं होतं. त्यांचीही बारशी उरकली, आणि निरोप आला की दोन्ही बाळांची नावं पत्रिकेतून राहून जायला नकोत. छापखान्यात होते आमचे हे. एरवी संगणकाला हात न लावणारा हा माणूस त्या दिवशी खुर्ची ओढून बसला आणि एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत, दोन्ही बाळांना त्यांच्या बापाच्या नावाशेजारी नेऊन बसवलं. नावं बरोबर बसली आहेत ना, तेवढं पाहिलं. छापलं. गठ्ठे बांधले. नाना सकाळी येऊन गठ्ठे आणि दोन सुट्या पत्रिका घेऊन गेले.

मी त्याच दुपारी धुळ्याहून परतले. ह्यांचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं लॉटरी लागली. "बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही," म्हणत त्यांनी एक पत्रिका पुढे केली. हळदीच्या रंगाचा कागद, लाल अक्षरं, देखणी झाली होती. मी माथ्यावर नजर टाकली. दगा आबा नव्हते. फिरवून पाहिलं, चारी बाजूंना नव्हते. मग मधल्या चौकटीत पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. 'विनीत: श्री. दगा भिका पाटील.'

दोन बाळांनी आत शिरून सगळ्यांना पुढे ढकललं होतं आणि शेवटचा माणूस वाफ्याबाहेर पडून शेजारच्यात गेला होता. शेजारी होती विनीतची चौकट. दोघा भावांची नावं लांबीला सारखी, बाप एक, आडनाव एक. त्यामुळे आबांचं नाव नानांच्या नावावर असं चपखल बसलं की मांडणी तसूभरही हलली नव्हती. एरवी अर्धीमुर्धी अक्षरं सांडायची, चौकट चिरडायची, चूक ओरडून सांगायची. या वेळी चूक नटूनथटून बसली होती.

"पण नाव तर आहे ना पत्रिकेत?" हे म्हणाले.

"यजमानच बदललाय हो! नाना म्हणतील भावाने पोर पळवली. आबा म्हणतील मला कडेवरून काढून टाकलं. आधीच विस्तव जात नाही दोघांत, त्यात आपण तेल ओतलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघे पारोळ्याला निघालो. ज्या रस्त्याने आदल्या दिवशी आले तोच रस्ता उलटा. एरंडोल गेलं तरी माझं तोंड चालूच होतं आणि हे ऐकत होते. मग म्हणाले, "एका चुकीसाठी किती बोलशील?" मी म्हटलं, "एक कुठे? जुळं आहे."

नानांच्या ओट्यावर सुतळी न सोडलेले गठ्ठे होते. जिवात जीव आला. वाटलं, वाटल्या नाहीत अजून, वेळेत पोचलो. नानांनी स्वागत केलं, चष्मा शोधला आणि पत्रिका हातात घेतली. माथा पाहिला. पत्रिका फिरवली, पुन्हा फिरवली.

"मना भाऊ कोठे शे?"

"नाना, आधी ऐकून घ्या. नव्या छापून देते, आमच्या खर्चाने. यातली एकही बाहेर जाऊ देऊ नका."

"गयी ना ताई! काल येता येताच दोन दिध्यात. पहिली पद्मालयना गणपतीले. दुसरी भाऊले. मना पाय उचलना नही, एरंडोलना दुकानदारजोडे धाडी दिधी. चष्मा घर व्हता, मी वाची बी नही." ते खाटेवर बसले. "तो आते फिरवी फिरवी नाव देखी राहिना व्हई."

गणपतीचं काही नव्हतं, तो समजून घेतो. पण दुसरी आबांच्या हातात पडली होती. मी नानांपुढे बसले आणि मधल्या चौकटीवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. मी वाफ्याचा सगळा हिशोब सांगितला: पाणी जास्त झालं, बांध फुटला, शेवटचं नाव शेजारी गेलं. शेतकऱ्याला हे समजवायला मला पुण्याच्या इंजिनिअरपेक्षा निम्मा वेळ लागला. पण नानांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते त्या नावाकडे बघत होते. रागावले नाहीत. मला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात अंगणात काठी वाजली. एक उंच म्हातारे गृहस्थ फाटकापाशी उभे होते. धोतराला धूळ, बगलेत हळदी रंगाची पत्रिका. नाक थेट नानांचं. ओळख करून द्यायची गरज पडली नाही.

नाना उठले. "ये भाऊ."

"येस," म्हणजे येतो, असं आबा म्हणाले, पण फाटकातून आत आले नाहीत. "पहिले माले एक सांग. मी मनं नाव चारीमेर शोधं. नही सापडनं. म्हनं, उखानी आपला काटा काढा. पत्रिका फाडाले हातमा लिन्ही, तं तुनी वहिनी म्हने, थांबा, मझारमा देखा." त्यांनी पत्रिका पुढे धरून मधल्या चौकटीवर बोट ठेवलं. हात म्हाताऱ्याचा, पण आवाज खणखणीत. "उखा, हाई तू छापं का?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा नाना. एवढं एक 'हो' म्हणा, सगळं मिटतंय. आमच्या ह्यांनी तर तोंडही उघडलं. 'होय, नानांनीच सांगितलं होतं' असं ते म्हणणार, हे मला नीट कळलं आणि मी त्यांचा हात दाबला. का दाबला ते आजही सांगता यायचं नाही. ते उत्तर आमचं नव्हतं, एवढंच.

"नही भाऊ," नाना म्हणाले. "मी नही छापं. मशीनना बांध फुटना, आनि तुनं नाव मना वाफामा ई गये. ह्या ताई तेच सांगाले येल शेतस."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं शे का?"

"खरं आहे, आबा," मी म्हटलं.

आबांचा पत्रिका धरलेला हात खाली आला. ते वळतात की काय असं वाटलं. नाना ओट्यावरून उतरून दोन पावलं पुढे आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"मना मनमा तुनंच व्हतं, भाऊ. ताईनी इचारं, विनीत कोन, तवय तुनंच नाव तोंडवर उनं. पन हिंमत व्हयनी नही. मी मनं सांगी दिधं."

"तू 'हा, मीच छापं' म्हनता, तं मी मानी लेतू ना रे."

"इतला वरीसनी बोलाले उना तू. आते तुनासंगे खोटं कसाले बोलू?"

आबा काठी आमच्या दिशेने रोखून म्हणाले, "ताई, तुन्या मशीनले अक्कल शे. ह्या उखाले नही." आणि पत्रिका घडी करून खिशात घालत म्हणाले, "नवी छापू नको. बांध फुटना तं फुटू दे. आते परत घालू नको."

ते फाटकातून आत आले. नानांनी त्यांचा हात धरला, का त्यांनी नानांचा, ते मला दिसलं नाही, कारण मी रडत होते आणि शेजारी आमचे हे माझ्याच पदराने नाक पुसत होते. आबा खाटेवर बसले. आतून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंच, सावळी, डोक्यावरून पदर. तिने तांब्या ठेवला आणि वाकून आबांच्या पाया पडली. भांडण झालं तेव्हा ती परकरात असेल. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, निरखून पाहिलं, आणि ओळख पटेना म्हणून भावाकडे वळून, ही कोणाची लेक ते विचारलं,

"हाई कोनी आंडेर?"

"पत्रिकामा छापेल शे ना, भाऊ," नाना म्हणाले. "तुनी."